आफ्रिकी देशांतील खुल्या डेटाची धोरणे : कोकणातील बंदरांसाठी त्यांतून काय घेता येईल?

खाडीपट्टा (रत्नागिरी)

नमस्कार. आमच्या परिसरातील काही मच्छीमार सहकारी सोसायट्या आणि एका महाविद्यालयाचा अर्थशास्त्र विभाग मिळून जिल्हा प्रशासनाला एक निवेदन देणार आहेत. कोणत्या बंदरावर कोणत्या महिन्यात किती मासळी उतरली, किती नौकांकडे कोणत्या जाळ्याचा परवाना आहे, डिझेल परताव्यापोटी (मच्छीमारांना डिझेलवरील कर परत मिळतो, त्यापोटी) किती रक्कम मंजूर झाली व किती थकीत आहे, आणि बेकायदा पर्ससीन (मासळीचा थवा वेढणारे मोठे जाळे) व एलईडी (रात्री प्रखर दिव्यांनी मासळी ओढणारी) मासेमारीवर किती कारवाया झाल्या, ही माहिती एका स्वतंत्र पोर्टलवर, म्हणजे संकेतस्थळावर, ठरावीक तारखेला, संगणकाला वाचता येईल अशा तक्त्यांत आणि कोणालाही मोकळेपणाने वापरता येईल अशा अटींवर, म्हणजेच खुला डेटा म्हणून, प्रसिद्ध व्हावी, अशी मागणी आहे. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

चर्चेत एका प्राध्यापकांनी असे सुचवले की ब्रिटन-अमेरिकेचे दाखले देण्याऐवजी आफ्रिकी देशांचे अनुभव पाहावेत. तेथेही नोंदी बऱ्याचशा कागदावर असतात, कार्यालयांत माणसे अपुरी असतात आणि किनाऱ्यावर लहान नौकांची संख्या मोठी असते. त्यामुळे तेथे जे जमले ते येथे जमण्याची शक्यता अधिक. मला हे पटले आणि मी वाचन सुरू केले. केनियाने आपले राष्ट्रीय खुला डेटा पोर्टल ८ जुलै २०११ रोजी सुरू केले, म्हणजे आपल्या केंद्र सरकारचे डेटा देवाणघेवाण धोरण २०१२ मध्ये येण्याच्याही आधी. मोरोक्कोचे पोर्टलही २०११ चेच. घानाचा उपक्रम जानेवारी २०१२ चा. पुढे मार्च २०१५ मध्ये आदिस अबाबा येथे आफ्रिकी देशांनी डेटाविषयी एक सामायिक मतैक्य जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आफ्रिकी संघाच्या कार्यकारी परिषदेने डेटा धोरणाची चौकट मान्य केली.

हे सारे वाचताना उत्साह वाटतो, परंतु प्रत्यक्ष पोर्टले उघडून पाहिली की अनेक तक्ते जुने, काही दुवे बंद आणि काही ठिकाणी केवळ पीडीएफ असे चित्र दिसते. म्हणून जाणकारांना विचारतो. यांपैकी कोणते उपक्रम खऱ्या अर्थाने टिकले आणि ते कशामुळे टिकले? मासेमारीच्या माहितीबाबत एखाद्या आफ्रिकी देशाने विशेष काही केले आहे का? आणि परवानाधारक नौकामालकांची नावे उघड करण्याचा प्रश्न तेथे कसा हाताळला गेला? या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या सोसायट्यांमध्येच दोन तट पडले आहेत.

जमाखर्च (पनवेल)

मी स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणात उभी हयात घालवली आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे त्या बाजूला झुकलेले असेल, हे गृहीत धरून वाचावे.

केनियाचे उदाहरण आपण घेतलेच आहे, तर त्याचा तपशील पाहू. राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांच्या हस्ते पोर्टल सुरू झाले, परंतु त्यामागचा रेटा माहिती व दळणवळण मंत्रालयाचे तत्कालीन स्थायी सचिव बिटांगे एन्डेमो यांचा होता. २००९ च्या जनगणनेचे तक्ते, सरकारी खर्चाचे आकडे अशी सामग्री जागतिक बँकेच्या साहाय्याने एकत्र करून ती एकदाच मोठ्या प्रमाणात चढवण्यात आली. २०१० च्या केनियाच्या राज्यघटनेत ३५ व्या अनुच्छेदाने नागरिकाला माहितीचा हक्क दिला होता, पण तो अमलात आणणारा कायदा २०१६ मध्ये झाला. मधल्या पाच वर्षांत एखाद्या खात्याने तक्ता दिला तर तो सौजन्य म्हणून, आणि न दिला तर त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. २०१३ मध्ये सरकार बदलले, एन्डेमो पदावरून गेले आणि पोर्टलावर नवी सामग्री येण्याचा वेग मंदावला. पोर्टल अस्तित्वात राहिले, पण त्यावरील आकडे शिळे होत गेले. एखाद्या अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभी राहिलेली व्यवस्था त्याच्या बदलीनंतर कशी होते, हे आपल्याकडे कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता दक्षिण आफ्रिका पाहा. तेथील राष्ट्रीय कोषागाराने २०१६ मध्ये ओपनअप या नागरी संस्थेच्या मदतीने ‘म्युनिसिपल मनी’ हे संकेतस्थळ सुरू केले. देशातील २५७ नगरपालिकांपैकी आपली निवडावी आणि तिची शिल्लक किती, दुरुस्तीवर खर्च किती, अनधिकृत खर्च किती, लेखापरीक्षकाचा शेरा काय, हे सामान्य माणसाला कळेल अशा रीतीने पाहावे, अशी त्याची रचना आहे. हे संकेतस्थळ टिकले. माझ्या मते त्याचे कारण संकेतस्थळाच्या बाहेर आहे. २००३ च्या नगरपालिका वित्त व्यवस्थापन कायद्याच्या ७१ व्या कलमानुसार प्रत्येक नगरपालिकेच्या प्रशासकीय प्रमुखाला महिना संपल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांच्या आत जमा-खर्चाचे विवरण महापौर व प्रांतिक कोषागाराकडे द्यावेच लागते. संकेतस्थळ असो वा नसो, हे विवरण जातेच. शिवाय १ जुलै २०१७ पासून सर्व नगरपालिकांना हिशेबातील खात्यांची एकच प्रमाणित वर्गवारी सक्तीची झाली, त्यामुळे एका गावाचा ‘पाणीपुरवठा’ आणि दुसऱ्या गावाचा ‘पाणीपुरवठा’ यांची तुलना करता येऊ लागली. जी माहिती कायद्याने आधीच वर जात होती, तिची एक प्रत लोकांकडे वळवली, एवढेच कोषागाराने केले. त्यासाठी कोणत्याही कारकुनाच्या टेबलावर नवे काम वाढले नाही.

यावरून कोणी असे समजू नये की तेथील नगरपालिकांचा कारभार सुधारला. बहुसंख्य नगरपालिकांना आजही लेखापरीक्षकाचा निर्दोष शेरा मिळत नाही आणि चुकीचे विवरण पाठवले तर चुकीचाच आकडा खुला होतो. मात्र तो चुकीचा आहे हे दाखवून देण्याची संधी गावातल्या माणसाला मिळते, आणि लेखापरीक्षक म्हणून मला ती मोलाची वाटते.

नायजेरिया या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील केंद्र सरकारने खुल्या कोषागाराचे पोर्टल सुरू केले आणि मंत्रालये व खात्यांनी ५० लाख नायरा (तेथील चलन) व त्यावरील प्रत्येक अदायगी रोजच्या रोज प्रसिद्ध करावी, असा दंडक घातला. बजिट नावाच्या नागरी संस्थेने त्या नोंदी शोधता येतील अशा स्वरूपात मांडल्या आणि पत्रकारांनी त्यांतून विचित्र अदायग्या बाहेर काढल्या. पुढे नोंदी अनियमित होऊ लागल्या. दंडक परिपत्रकाचा होता, आणि परिपत्रक विस्मरणात जाण्यास वेळ लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की मसुद्यातील ‘स्वतंत्र पोर्टल’ ही मागणी काढून टाकावी. बंदरावरून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला आणि जिल्ह्यावरून मंत्रालयाला आज कोणती विवरणपत्रे नियमाने जातात, ती शोधावीत आणि त्यांचीच प्रत त्याच दिवशी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तक्त्याच्या स्वरूपात मागावी.

तांडेल (मालवण)

मासेमारीबाबतच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण आमच्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) संघाच्या बैठकीत यावर वर्षभर बोलणे झालेले आहे.

मासेमारीतील पारदर्शकतेसाठीचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच जन्माला आला. जानेवारी २०१५ मध्ये मॉरितानियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी नुआकशोट येथे त्याची घोषणा केली, २०१७ मध्ये त्याचे मानक ठरले आणि त्याचे मुख्यालय आज सेशेल्समध्ये आहे. मॉरितानिया, सेशेल्स, केप व्हर्दे, मादागास्कर असे देश त्यात आहेत. मानकात बारा विषय येतात : मासेमारीचे कायदे, परकीय नौकांशी केलेले करार, मत्स्यसाठ्यांची स्थिती, मोठ्या नौका, लहान मच्छीमार, मासळी उतरल्यानंतरचा व्यापार, कायद्याची अंमलबजावणी, कामगारांची स्थिती, अनुदाने, विकास साहाय्य, नौकांचे खरे मालक इत्यादी. प्रत्येक देशात सरकार, व्यावसायिक आणि नागरी संघटना यांची एक समिती असते आणि तीच अहवाल तयार करते. सरकारने एकट्याने बसून लिहिलेला अहवाल चालत नाही.

या मानकातील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली अट अशी की सगळी माहिती परिपूर्ण असावी असा आग्रह तेथे धरलेला नाही. जी माहिती सरकारपाशी आहे ती प्रसिद्ध करावी, आणि जी नाही ती नाही असे स्पष्ट लिहून ती केव्हा व कशी गोळा करणार हे सांगावे, एवढेच अपेक्षित असते. लहान नौकांच्या बाबतीत याचा फार उपयोग होतो, कारण परकीय ट्रॉलरने किती पकडले याची नोंद एखाद्या बंदरात मिळेल, पण शंभर ठिकाणी वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होड्यांची नोंद कोणाकडेच नसते. आपल्या रापणीचे तेच आहे. जाळे ओढले, वाटे पडले, बायकांनी पाट्या उचलल्या आणि बाजार गाठला. त्या मासळीचे वजन कोणी केले?

येथे मसुद्याविषयी एक सावधगिरी सुचवतो. आपण ‘किती मासळी उतरली’ असे विचारतो, तेव्हा मिळणारा आकडा बहुधा अंदाज असतो. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था निवडक केंद्रांवर निवडक दिवशी पाहणी करून नमुना पद्धतीने आकडा काढते. ती पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण तिचा आकडा राज्याच्या किंवा विभागाच्या पातळीवर विश्वसनीय असतो. एका लहान बंदराच्या एका महिन्याच्या आकड्याला तेवढे वजन देता येत नाही. म्हणून आकड्याबरोबर तो मोजलेला आहे की अंदाजलेला आहे, आणि अंदाज असल्यास किती दिवसांच्या पाहणीवरून काढला, हा रकाना मागावा. अन्यथा पुढच्याच वर्षी आपण त्या आकड्यावरून आपसांत भांडत बसू.

परवान्यांच्या यादीबाबत सेनेगल पाहावे. तेथील होड्यांचे मच्छीमार अनेक वर्षे विचारत होते की आमच्या समुद्रात कोणकोणत्या मोठ्या नौकांना परवाना आहे ते एकदा सांगा. मे २०२४ मध्ये, नवे सरकार आल्यावर काही आठवड्यांतच, परवानाधारक औद्योगिक नौकांची यादी जाहीर झाली. तो केवळ नौकांच्या नावांचा तक्ता होता, पण ज्याचे नाव यादीत नाही तो बेकायदा, असे होडीवरच्या माणसाला प्रथमच म्हणता आले. आमच्या इथे रात्री दिव्यांच्या झगमगाटात येणाऱ्या नौकांबाबत आम्हाला नेमके तेच हवे आहे.

उलट बाजूचा दाखला मोझांबिकचा. २०१३-१४ मध्ये तेथील तीन सरकारी कंपन्यांच्या नावावर सुमारे दोन अब्ज डॉलरचे कर्ज उचलण्यात आले. त्यांपैकी एक कंपनी कागदोपत्री टुना पकडण्यासाठी होती. एकूण कर्जापैकी निम्म्याहून अधिक रकमेचा पत्ता संसदेला नव्हता, आणि २०१६ मध्ये ते उघड झाल्यावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मदत थांबवली. मासेमारीच्या नावाखाली काय काय झाकता येते याचे यापेक्षा मोठे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

उधाण (गुहागर)

सर्वांचे लेखन माहितीपूर्ण आहे, तरी एक शंका मांडतो. यांतील बहुतेक उपक्रम जागतिक बँक, ब्रिटिश मदत किंवा कोणत्या तरी प्रतिष्ठानाच्या पैशावर चाललेले दिसतात. परिषद होते, छायाचित्रे निघतात, अनुदानाची मुदत संपते आणि पोर्टल ओस पडते. त्यात आफ्रिकी देशांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. अनुदानावर चालणाऱ्या कामाची रीतच तशी आहे.

माझा खरा प्रश्न निराळा आहे. हे तक्ते वाचणार कोण? आमच्या बंदरावर कोठे किती माल उतरला हे व्यापाऱ्याला फोनवरून तासाभरात कळते. तक्ता प्रसिद्ध झाला तर त्याचाही पहिला लाभ त्यालाच होईल. खलाशाच्या हाती काय पडेल, हे निवेदनात कोठेही लिहिलेले दिसत नाही.

खाडीपट्टा (रत्नागिरी)

जमाखर्च सर, पोर्टलची मागणी काढावी हे पटले. तांडेल यांनी सुचवलेला मोजणी-अंदाजाचा रकाना मसुद्यात घेतला आहे.

उधाण यांचा आक्षेप आमच्या बैठकीतही आला होता आणि त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते. डिझेल परताव्याची थकबाकी आणि कारवायांची संख्या या दोन गोष्टींचा व्यापाऱ्याला काही उपयोग नाही, मच्छीमाराला आहे, एवढे मी म्हणू शकतो. पण उतरलेल्या मासळीच्या आकड्यांबाबत शंका राहतेच. आफ्रिकेत सामान्य माणसाने खुल्या माहितीचा प्रत्यक्ष वापर केल्याची उदाहरणे कोणाला ठाऊक असल्यास कृपया द्यावीत.

नकाशेवाली (चिपळूण)

मी भूगोल शिकवते, त्यामुळे माझी उदाहरणे नकाशांकडून येतात.

पहिले उदाहरण टांझानियातील दार-एस-सलामचे. त्या शहरात पावसाळ्यात म्सिम्बाझी नदीकाठच्या वस्त्या बुडतात आणि दाट वस्त्यांचे नकाशे कोणाकडेही नव्हते. २०१५ पासून ‘रमानी हुरिया’ या उपक्रमात दार-एस-सलाम विद्यापीठ व तेथील ‘आर्धी’ नावाचे विद्यापीठ यांच्या विद्यार्थ्यांनी वस्तीतील रहिवाशांना सोबत घेऊन गल्ल्या, गटारे, नाले, मोऱ्या यांची नोंद केली आणि ती ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चढवली. पैसा व मार्गदर्शन जागतिक बँकेचे होते, उधाण यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण नकाशा खुल्या परवान्याखाली असल्याने प्रकल्प संपल्यावरही तो नाहीसा झाला नाही, कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि सुधारू शकतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी आमच्या चिपळूण शहरात शिरले तेव्हा कोणत्या गल्लीत पाणी कोणत्या बाजूने येते, हे आम्हाला एकमेकांना फोन करून समजत होते. गटारांचा आणि मोऱ्यांचा तसा खुला नकाशा आमच्याकडे असता तर किमान वृद्धांना कोठून बाहेर काढावे हे आधी ठरवता आले असते.

झांझिबारनेही २०१६ पासून आपल्या बेटांचे ड्रोनने छायाचित्रण करून घेतले. ते काम परकीय कंपनीला न देता तेथील भूमी आयोगाने झांझिबार राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन करून घेतले आणि छायाचित्रे खुली ठेवली. किनाऱ्याची झीज पाहायची असेल तर ‘डिजिटल अर्थ आफ्रिका’ ही व्यवस्था उपग्रहाच्या छायाचित्रांवरून २००० पासूनच्या किनारारेषा वर्षवार दाखवते आणि त्या कोणालाही उतरवून घेता येतात. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांवर एवढा खर्च होतो, तेव्हा कोणता किनारा दरवर्षी किती मागे सरकतो याची अशी उघड रेषा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती असायला हवी, असे मला फार वाटते. हा विषय निवेदनाच्या बाहेरचा आहे याची जाणीव आहे, तरी लिहून ठेवते.

सामान्य माणसाच्या वापराचे उदाहरण हवे असेल तर केनियातील २०१३ च्या निवडणुकीचे घ्यावे. मतदार नोंदणी केंद्रांची यादी निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केली होती, पण ती अशा पीडीएफमध्ये होती की आपले केंद्र शोधता शोधता माणूस थकावा. काही तरुणांनी ती यादी उपसून एका दिवसात साधे संकेतस्थळ केले. तालुका निवडा, केंद्र पाहा. पुढे तीच रचना इतर आफ्रिकी देशांतही वापरली गेली. माहिती आधीच ‘जाहीर’ होती, तिचा उपयोग मात्र स्वरूप बदलल्यावर झाला. करोनाकाळात प्रिटोरिया विद्यापीठातील वुकोसी मारिवाते यांच्या गटाने असेच केले. सरकारी निवेदनांतून रोज रुग्णसंख्या वेचून त्यांनी एक खुला तक्ता चालवला आणि पत्रकार व संशोधक त्यावर अवलंबून राहिले. आपल्या देशातही स्वयंसेवकांनी त्याच वेळी तसाच तक्ता चालवला होता, हे अनेकांना आठवत असेल.

बुर्किना फासोचेही सांगते. २०१४ मध्ये तेथील दीर्घकाळचे राज्यकर्ते जनआंदोलनाने गेले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये निवडणूक झाली. तिचे निकाल जसजसे जमा झाले तसतसे एका संकेतस्थळावर खुले करण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी रात्री प्राथमिक निकाल लागला. त्या देशात २०२२ मध्ये दोन लष्करी उठाव झाले, त्यामुळे संकेतस्थळाने लोकशाही वाचते असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आणि जो देश एकदा उघडला तो पुन्हा मिटूही शकतो, हे टांझानियाने दाखवले. सप्टेंबर २०१५ मध्ये आफ्रिकेची खुला डेटा परिषद दार-एस-सलाम येथे भरली होती. २०१७ मध्ये त्याच देशाने खुल्या शासनाच्या आंतरराष्ट्रीय भागीदारीतून अंग काढून घेतले आणि २०१८ मध्ये सांख्यिकी कायद्यात दुरुस्ती करून सरकारी आकड्यांना खोडून काढणारी आकडेवारी प्रसिद्ध करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला. जागतिक बँकेने जाहीर चिंता व्यक्त केल्यावर २०१९ मध्ये ती तरतूद सौम्य करण्यात आली. म्हणून मसुद्यात एक वाक्य असावे, असे सुचवते : सोसायट्यांनी स्वतः ठेवलेल्या नोंदी सरकारी आकड्यांशी न जुळल्यास दोन्ही आकडे शेजारी शेजारी प्रसिद्ध व्हावेत. उधाण यांच्या खलाशाच्या हाती काय पडेल याचे अर्धे उत्तर त्यात आहे असे मला वाटते, कारण त्याच्या सोसायटीची वही तेव्हा प्रथमच हिशेबात धरली जाईल.

उधाण (गुहागर)

नकाशेवालीताई, सोसायटीची वही शेजारी ठेवण्याची सूचना मला मान्य आहे. मात्र आमच्या सोसायटीची वही नीट ठेवली जाते का, हे आधी पाहावे लागेल.

कलम चार (अलिबाग)

नौकामालकांच्या नावांचा प्रश्न मागे राहिला आहे, त्याविषयी वकील म्हणून लिहितो.

प्रथम कायद्याचा आधार. जमाखर्च सरांनी दक्षिण आफ्रिकेच्या ७१ व्या कलमाचे महत्त्व सांगितले; आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी तरतूद २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातच आहे. कलम ४(१)(ख) मधील बारावी बाब अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, मंजूर रकमा व लाभार्थ्यांचा तपशील यांविषयी आहे आणि तेरावी बाब सवलती, परवाने व प्राधिकारपत्रे मिळालेल्यांच्या तपशिलाविषयी आहे. हा तपशील कोणी अर्ज केल्यावर द्यायचा नसून कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. डिझेल परतावा बाराव्या बाबीत बसतो, मासेमारी परवाना तेराव्या बाबीत. निवेदनात ‘खुला डेटा’ ही नवी मागणी म्हणून मांडण्याऐवजी या दोन बाबींचे पालन तक्त्याच्या स्वरूपात व्हावे, असे लिहिले तर ते नाकारणे कठीण जाईल. केंद्राचे २०१२ चे डेटा धोरण केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे; जिल्हा कार्यालयावर त्याचा थेट दाखला चालणार नाही. वापराच्या अटींसाठी मात्र केंद्राने २०१७ मध्ये अधिसूचित केलेला सरकारी खुला डेटा परवाना नमुना म्हणून जोडावा.

आता खाजगीपणाचा प्रश्न. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातील ८(१)(ञ) चा मजकूर आखडता केला आणि व्यक्तिगत माहितीचे अपवादक्षेत्र विस्तारले. त्यामुळे नावांसह यादी मागितल्यास कार्यालय त्या कलमाकडे बोट दाखवील, अशी दाट शक्यता आहे. आफ्रिकेत हाच पेच आहे. दक्षिण आफ्रिकेचा माहिती मिळवण्याचा कायदा २००० चा, म्हणजे आपल्यापेक्षा जुना आहे आणि तो काही प्रमाणात खाजगी संस्थांच्या अभिलेखांनाही लागू होतो. तेथील व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०१३ चा असून तो जुलै २०२१ पासून पूर्णपणे लागू झाला. केनियाने माहितीचा कायदा २०१६ मध्ये व संरक्षणाचा २०१९ मध्ये केला. नायजेरियाचे हेच कायदे अनुक्रमे २०११ आणि २०२३ चे आहेत. दोन्ही कायदे एकत्र नांदवण्याची कसरत सर्वत्र चालू आहे आणि कोणीही त्यातून पूर्ण सुटलेले नाही.

तांडेल यांनी सांगितलेली सेनेगलची यादी येथे उपयोगी पडते, कारण ती नौकांची यादी होती. आपणही तसेच मागावे : नौकेचा नोंदणी क्रमांक, नौकेचे नाव, बंदर, जाळ्याचा प्रकार, इंजिनाची क्षमता, परवान्याची मुदत. नौका कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावर असल्यास तिचे नाव यावे. व्यक्तीच्या मालकीची असल्यास नाव पहिल्या टप्प्यात मागू नये. मोबाइल, आधार, बँक खाते यांचा तर प्रश्नच नाही. एकाच कुटुंबाकडे निरनिराळ्या नावांनी अनेक पर्ससीन नौका असल्याची तक्रार अनेक ठिकाणी होते आणि नावांविना ती सिद्ध करता येणार नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी विशिष्ट नौकांबाबत जनहिताचे कारण देऊन स्वतंत्र अर्ज करावा. सरसकट यादीत तो मुद्दा घालून संपूर्ण निवेदन अडकवू नये. तसेच नौकेने कोठे जाळे टाकले, ही माहिती कोणत्याही स्वरूपात मागू नये. जागा फुटली तर त्या नौकेच्या तांडेलाचे, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाचे, वर्ष वाया जाते, आणि या एका मुद्द्यावर आपल्या दोन्ही तटांचे एकमत होईल असा माझा अंदाज आहे.

निवेदन देण्यापूर्वी एक काम करावे. संबंधित कार्यालयाने कलम ४ खाली आज काय प्रसिद्ध केले आहे ते पाहावे, आणि परवाना नोंदवही व मासिक विवरणपत्राचा कोरा नमुना यांची पाहणी करण्यासाठी साधा अर्ज करावा. त्या नमुन्यात कोणते रकाने आहेत हे एकदा कळले की मसुद्यातील मागण्या त्याच रकान्यांच्या क्रमाने लिहिता येतील. पाहणीला जाताना सोसायटीचा हिशेब लिहिणारी व्यक्ती सोबत असावी. कोणता रकाना प्रत्यक्षात भरला जातो आणि कोणता वर्षानुवर्षे रिकामा राहतो, हे तिला एका नजरेत समजेल.

खाडीपट्टा (रत्नागिरी)

आभारी आहे. पाहणीचा अर्ज या आठवड्यात देतो. कोरा विवरणपत्राचा नमुना हाती आला की त्यातील रकाने येथे जसेच्या तसे लिहीन. तोवर जमाखर्च सरांना एक विनंती. खात्यांच्या एकसारख्या वर्गवारीचा मुद्दा जाळ्यांच्या प्रकारांनाही लागू पडतो असे दिसते, कारण एकाच जाळ्याला मालवणात, हर्णैत आणि श्रीवर्धनात निरनिराळी नावे आहेत. तांडेल यांच्या मदतीने या नावांची एक जुळणी-यादी आपण तयार कराल का?

जमाखर्च (पनवेल)

अवश्य. तांडेल यांनी मालवणकडची नावे आधी पाठवावीत. रायगडच्या बाजूची मी येथील मच्छीमारांकडून विचारून घेतो. प्रत्येक नावापुढे जाळ्याच्या आसाचे (जाळ्यातील छिद्राचे) माप असावे, कारण नाव एकच आणि आस निराळी असेही आढळते.